'नागनिका' : नावाचा उगम, अर्थ आणि लेखन

केतकी_व

मुलीसाठी 'नागनिका' हे नाव घरात जवळजवळ ठरलं आहे. नाव सातवाहन राणीचं आणि नाणेघाटातल्या लेखातलं आहे, एवढं माहीत आहे. पण नावांच्या याद्या देणाऱ्या वेबसाइटवर अर्थ पाहिला तर एका ठिकाणी 'नागीण', दुसरीकडे 'सापांची राणी', तिसरीकडे 'हत्तीण'. काही पुस्तकांत 'नायनिका' छापलंय, काहींत 'नागन्निका'.

म्हणून जाणकारांना विचारते:

१. कोरलेल्या लेखात नेमकं काय आहे?
२. नावाची फोड कशी करायची, अर्थ काय सांगायचा?
३. 'नागनिका' की 'नायनिका'? न की ण?
४. जन्मदाखल्यावर मराठी आणि इंग्रजी लेखन कसं ठेवावं?

---

घाटमाथा

पहिल्या प्रश्नापासून घेतो, कारण बाकीच्या सगळ्याचा पाया तोच आहे.

नाणेघाटातल्या लेण्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. डाव्या आणि उजव्या भिंतीवर प्रत्येकी दहा ओळींचा मोठा लेख आहे. समोरच्या भिंतीवर राजघराण्यातल्या आठ माणसांच्या मूर्ती होत्या. आता फक्त पावलांच्या खुणा उरल्या आहेत, पण मूर्तींच्या डोक्यावर कोरलेली नावं बरीचशी वाचता येतात. भगवानलाल इंद्रजी यांनी त्यावर काम केलं आणि ब्यूलर यांनी १८८३ मध्ये पूर्ण लेख वाचनासह छापला.

मूर्तींवरची शाबूत नावं अशी आहेत:

राया सिमुक सातवाहनो सिरिमातो
देवि नायनिकाय रञो च सिरि सातकनिनो
कुमारो भाय… (पुढचं तुटलंय)
महारठि त्रनकयिरो
कुमारो हकुसिरि
कुमारो सातवाहनो

दुसरी ओळ आपली. 'देवी नायनिका आणि राजा श्री सातकर्णी यांची (प्रतिमा)' असा तिचा सरळ अर्थ. म्हणजे घाटात कोरलेलं रूप 'नायनिका' आहे, आणि राणीचं नाव राजाच्या आधी आहे.

मोठ्या लेखात यज्ञांची आणि दानांची जंत्री आहे: दोन अश्वमेध, राजसूय, आप्तोर्याम, गवामयन, गर्गत्रिरात्र अशी नावं, आणि दक्षिणेत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, गावं, कार्षापणं (त्या काळची नाणी). ब्राह्मीतल्या अंकचिन्हांचा अभ्यास करणारे या लेखाकडे वळतात तेही याच आकड्यांसाठी. त्यात एका राणीचं वर्णन आहे: महारठीची (हे एक पद) मुलगी, वेदिसिरी आणि सतिसिरिमत यांची आई. पुढे विशेषणं येतात: नागवरदायिनिय, मासोपवासिनिय, गहतापसाय, चरितब्रह्मचरियाय. पण तिचं नाव या भागात शाबूत नाही. आधीच्या ओळी फुटल्या आहेत. ती राणी नायनिकाच, हे समोरच्या भिंतीवरच्या नावांशी आणि 'महारठि त्रनकयिरो' या मूर्तीशी जुळवून ठरवलेलं आहे. हा निष्कर्ष बळकट आहे आणि बहुतेक अभ्यासकांना मान्य आहे. तरी 'मोठ्या लेखात नागनिका स्वतःचं नाव सांगते' असं कुणी लिहिलं तर ते बरोबर नाही.

---

नाणकप्रेमी

घाटमाथा यांना अनुमोदन. 'मग ग कुठून आला' हा प्रश्न उरतो, त्याचं उत्तर नाण्यावर आहे. सातकर्णी आणि राणी अशी दोघांची नावं असलेलं चांदीचं नाणं मिळालं आहे. त्यावर राणीचं नाव 'नागनिकाय' असं, ग सकट आहे. म्हणजे 'नागनिका' हे रूप आजच्या इतिहासकारांनी संस्कृत करून घेतलेलं नाही. दोन्ही रूपं तिच्या काळातली आहेत.

समाजमाध्यमांवर याच नाण्यावरून 'जगातली पहिली राणी', 'स्वतःची टांकसाळ असलेली पहिली स्त्री' असली विधानं फिरतात. ती मुलीच्या नावाच्या माहितीत घालू नका. पतीच्या नावासोबत राणीचं नाव नाण्यावर येणं ही गोष्ट मुळातच दुर्मीळ आहे आणि तेवढी सांगितली तरी तिचं मोठेपण कमी होत नाही.

---

प्राकृतवाचक

ग आणि य यांबद्दल थोडं विस्तारानं लिहितो. इथं बऱ्याच जणांची गाडी चुकते.

प्राकृतात दोन स्वरांच्या मधला ग, ज, क, त पुसट होतो आणि त्या जागी य येतो. 'नगर'चं 'नयर' झालं आणि त्याच वाटेनं पुढे 'नेर' झालं: पारनेर, संगमनेर, जामनेर. 'सागर'चं 'सायर' झालं. तसंच 'नागनिका'चं 'नायनिका'.

पण तेवढ्यावर थांबू नका, त्याच लेण्यातला पुरावा बघा. मोठ्या लेखात 'सगरगिरिवर' असा शब्द आहे, तिथं ग टिकला आहे. 'नागवरदायिनिय' मध्येही ग टिकला आहे. मग मूर्तीवरच्या ओळीतच य का? त्याच ओळींत पहिलं नाव काय आहे पाहा: 'राया सिमुक'. 'राजा'चा जसुद्धा तिथं य झाला आहे. म्हणजे मूर्तींवरची नावं बोलीच्या जवळची आहेत आणि यज्ञांचा लेख जरा सोवळ्या, संस्कृताकडे झुकणाऱ्या भाषेत आहे. एकाच घराण्याच्या एकाच लेण्यात दोन्ही थर मिळतात. राणीला घरी-दारी 'नायनिका' म्हणत असतील आणि नाण्यासारख्या औपचारिक जागी 'नागनिका' येत असेल, हे त्यावरून पटण्यासारखं आहे.

दुसरी चूक शेवटच्या 'य'ची. 'नायनिकाय', 'नागनिकाय' यातला शेवटचा य नावाचा भाग नाही. आकारान्त स्त्रीलिंगी नामाची षष्ठी प्राकृतात 'आय' होते. बेडशाच्या लेखातलं 'सामडिनिकाय' आणि नाशिकचं 'भटपालिकाय' ही रूपं याच विभक्तीची. कुणीतरी हा शब्द 'नाग-निकाय' असा तोडून त्याचा बौद्ध 'निकायां'शी (पंथांशी किंवा ग्रंथसंग्रहांशी) संबंध जोडल्याचं वाचलं आहे. तसा काही संबंध नाही.

न की ण? न. नावात र किंवा ष नसल्यामुळे संस्कृतच्या नियमानं ण व्हायचं कारणच नाही. 'सातकर्णी'त ण आहे तो र्-मुळे, आणि नाणेघाटाच्या लेखात तर तिथंही 'सातकनि' असा न कोरलाय.

'नागन्निका' कुठून आलं तेही सांगून टाकतो. त्या काळच्या ब्राह्मीत प्राकृत लिहिताना जोडाक्षरातलं द्वित्त दाखवत नसत. 'महारट्ठि' हे 'महारठि' असं, 'यञ्ञ' हे 'यञ' असं लिहीत. त्यामुळे एकेरी न कोरलेला असला तरी उच्चारात तो दुहेरी असू शकतो, असं मानून काही अभ्यासक 'नागन्निका' लिहितात. शक्यता म्हणून ठीक आहे. लिखित पुरावा मात्र एकेरी न चाच आहे, तेव्हा नाव ठेवताना तेच धरावं.

---

वैजयंती

आता फोडीकडे येऊ. 'नागीण' हा अर्थ मला साफ चुकीचा वाटतो आणि त्याचं कारण नावाच्या अक्षरांतच आहे.

मादी साप म्हणायचं असतं तर संस्कृतात 'नागी', किंवा 'नागिनी'. त्याला लाडाचा क लावला तर होईल 'नागिनिका'. ग वर इकार हवा. नाण्यावर ग ला इकार नाही, घाटात य ला इकार नाही. 'ना-ग-निका', 'ना-य-निका'. एका वेलांटीचा फरक, पण त्यानं 'नागीण' बाद होते.

मग '-निका' काय आहे? नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळातला एक लेख आहे. विष्णुदत्ता नावाच्या उपासिकेनं संघातल्या आजारी भिक्षूंच्या औषधासाठी श्रेणींकडे रक्कम कायम ठेव म्हणून ठेवली, असा. तिची ओळख अशी दिली आहे: शक अग्निवर्मन याची मुलगी, गणपक रेभिल याची पत्नी, गणपक विश्ववर्म याची आई, 'शकनिका' उपासिका विष्णुदत्ता. शकनिका म्हणजे शक स्त्री. बाप शक, म्हणून ती शकनिका.

त्याच साच्यात 'नागनिका' बसवा: नाग कुळातली स्त्री. 'नाग' हे त्या काळात घराण्याचं, कुळाचं नाव म्हणून चालत होतंच. कान्हेरीच्या लेखात महाराजाची मुलगी असलेल्या एका महारठिनीचं (महारठीच्या पत्नीचं) नाव 'नागमुलनिका' आहे आणि तिच्या मुलाचं नाव 'खंदनागसतक'. वनवासीच्या लेखात राजकन्या 'सिवखंदनागसिरि'. महारठी, महाभोज या दर्जाच्या घराण्यांत 'नाग' पुन्हा पुन्हा येतो. आपली राणीही महारठीचीच मुलगी.

---

घाटमाथा

वैजयंतीताई, शकनिकेचा दाखला चपखल आहे. पण माझं मत थोडं वेगळं आहे. 'शकनिका' हे तिथं विशेषण आहे, बाईचं नाव 'विष्णुदत्ता'. आपल्याकडे 'नागनिका' हेच नाव आहे. फक्त नावं तेवढी घेऊन शेजारी ठेवली तर वेगळं चित्र दिसतं.

बेडसे: महारठिनी सामडिनिका, महाभोजाची मुलगी. तिच्या नवऱ्याचं नाव आपदेवणक.
नाशिकचं चैत्यगृह: भटपालिका. तिच्या नवऱ्याचं नाव अगियतणक, मुलाचं कपणणक.
कान्हेरी: नागमुलनिका.

पुरुषांच्या नावांना '-णक', बायकांच्या नावांना '-निका'. 'आपदेव' या नावाला णक लागून 'आपदेवणक' होतं, त्यात कुळाचा काही संबंध नाही. मग 'नाग' या नावाला तोच प्रत्यय लागला की पुरुष 'नागनक' आणि स्त्री 'नागनिका'. हा त्या काळच्या दख्खनी नावांचा एक घाट होता असं मला वाटतं: मूळ नावाला जोडलेला, आदराचा किंवा जवळिकीचा. 'सामडिनिका'त सामड नावाचं कुळ शोधायला गेलं तर हाती काही लागत नाही. ते मूळ नावच असणार.

म्हणून माझ्या मते अर्थ 'नाग कुळातली' असा घट्ट करू नये. 'नाग हे नाव धारण करणारी' एवढंच म्हणावं.

---

अष्टाध्यायी_वाचक

दोघांच्या वादात व्याकरण कुणाची बाजू घेतं ते पाहू. दोन्ही वाटांनी रूप तेच येतं.

घाटमाथा यांची वाट: 'नागनक' हे क-अन्त प्रातिपदिक, म्हणजे विभक्ती लागण्याआधीचं मूळ रूप. त्याला स्त्रीलिंगी आ लागला की क च्या आधीच्या अ चा इ होतो. पाणिनीचं सूत्र ७.३.४४, प्रत्ययस्थात्कात्पूर्वस्यात इदाप्यसुपः. 'बालक'ची 'बालिका' होते ती याच सूत्रानं. नागनक > नागनिका.

वैजयंती यांची वाट: आधी स्त्रीवाचक 'नागनी', मग क. क पुढे आला की मागचा दीर्घ स्वर ऱ्हस्व होतो. सूत्र ७.४.१३, केऽणः. 'कुमारी'ची 'कुमारिका' होते तशी नागनी > नागनिका.

म्हणजे शेवटचं रूप पाहून निवाडा होत नाही. तो इतर नावांच्या तुलनेवरच करावा लागेल. मात्र दोन्ही वाटांत एक गोष्ट समान आहे: हा क अनुकंपेचा, म्हणजे मायेचा, मानता येतो (५.३.७६, अनुकम्पायाम्). तेव्हा 'नाग' या नावाचं मायेनं घेतलेलं स्त्रीरूप, असं म्हटलं तर कुणाचाच आक्षेप राहणार नाही.

'नागीण' बाद, याला पूर्ण सहमती. वेलांटीचा मुद्दा निर्णायक आहे.

---

मंजिरी_क

'हत्तीण' या अर्थाबद्दल कुणी लिहिलं नाही अजून. संस्कृतात 'नाग' म्हणजे हत्तीसुद्धा, त्यामुळे यादीवाल्यांनी तो अर्थ पूर्ण हवेतून काढलेला नाही.

मोठ्या लेखातलं 'नागवरदायिनिय' हे विशेषण दोन तऱ्हांनी सोडवता येतं. 'नाग-वरदायिनी' सोडवलं तर नागाशी, नागदेवतेशी संबंध येतो. 'नागवर-दायिनी' सोडवलं तर उत्तम हत्तींचं दान करणारी. त्याच लेखात दक्षिणेत हत्ती दिल्याची नोंद आहे, आणि विशेषणांच्या रांगेत आजूबाजूला व्रत, उपवास, तप असे तिच्या आचरणाचेच शब्द आहेत. दान हे आचरणच, त्यामुळे मला दुसरी फोड अधिक पटते.

पण हे विशेषणापुरतं झालं. विशेषणात नाग म्हणजे हत्ती असला म्हणून नावातही हत्तीच असेल असं नाही. नागमुलनिका, खंदनागसतक, सिवखंदनागसिरि ही नावं नागपूजेशी जोडलेलीच वाटतात. 'खंद' म्हणजे स्कंद, 'सिव' म्हणजे शिव. देवांच्या नावांच्या रांगेत बसलेला नाग हा दैवत-नाग असणार.

---

वैजयंती

मंजिरी, उत्तम. देवांच्या रांगेचा मुद्दा माझ्या 'कुळ' या वाचनाला थोडा धक्का देतो, पण मी तो पूर्ण सोडत नाही. घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या नाग हे दैवत असेल तर कुळाचं नाव आणि दैवताचं नाव एकच होतं.

स्त्रीरूपाचं आणखी एक. बेडशाच्या लेखात सामडिनिकेला 'महारठिनी' म्हटलंय. महारठी या पदाची स्त्री महारठिनी. पाटलाची पाटलीण, देशमुखाची देशमुखीण आपण म्हणतो त्यातली '-ईण' याच '-इनी'ची वंशज. म्हणजे नागनिकेच्या आईला त्या काळी 'महारठिनी' म्हणत असतील. 'महारठी' आणि 'महाराष्ट्र' यांचं नातं काय यावर मोठा वाद आहे, त्यासाठी वेगळा धागा काढावा लागेल.

---

केतकी_व

सगळ्यांचे मनापासून आभार. वेलांटीचा मुद्दा कुठल्याच यादीत नव्हता.

घरच्या मोठ्यांचा एक प्रश्न आहे: नावात 'नाग' असणं शुभ की अशुभ? आणि नामाक्षर 'ना' कोणत्या नक्षत्राचं? 'नायनिका' ठेवलं तर सोपं पडेल का?

---

सुमनताई

केतकी, नाग आपल्याकडे पूजेचा आहे. औंढ्याचा नागनाथ, गोव्यात बांदोड्याचा नागेश, श्रावणातली नागपंचमी. नागेश, नागनाथ, नागोराव ही नावं पिढ्यान्‌पिढ्या ठेवली गेली. बायकांत नागूबाई होतं, शेजारी कर्नाटकात नागम्मा, नागरत्ना आजही आहेत. पुरुषाच्या नावात नाग चालतो आणि मुलीच्या नावात आला की 'नागीण' म्हणून नाक मुरडतात, ते मालिका-सिनेमांमुळे. मोठ्यांना नागेशाचंच स्त्रीरूप म्हणून सांगा, लगेच पटेल.

अवकहडा चक्रात (नक्षत्रांची नामाक्षरं देणाऱ्या कोष्टकात) ना, नी, नू, ने ही अनुराधा नक्षत्राची अक्षरं. 'ना' हा पहिला चरण, रास वृश्चिक. मुलीचं नक्षत्र वेगळं असेल तर जन्मनाव त्या अक्षरावरून पत्रिकेत ठेवावं आणि व्यवहाराचं नाव नागनिका ठेवावं. अनेक घरांत असंच करतात. नायनिका घेतलं तरी अक्षर 'ना'च, त्यात फरक नाही.

बारशाला कानात नाव सांगताना पूर्ण, चारही अक्षरं स्पष्ट म्हणा. हाक मारायला 'निका' छान वाटतं. 'नागी', 'नागू' पडू द्यायचं नसेल तर पहिल्या दिवसापासून घरातल्यांनी एकच लाडकं नाव वापरावं.

---

प्राकृतवाचक

'नायनिका' सोपं पडेल का, तर बोलायला सोपं, टिकवायला अवघड. कारण 'नयनिका' हे वेगळं नाव आज चांगलंच चालतं आणि ते 'नयन'वरून आहे. ऐकणारा 'नायनिका' ऐकून 'नयनिका'च लिहिणार. इंग्रजी अक्षरांत तर दोन्ही नावं सारखीच लिहिली जातात. दोन-तीन कागदांवर 'नयनिका' झालं की राणीशी असलेला धागा तुटला. इतिहासासाठी नाव ठेवताय, तर ग असलेलं रूप घ्या. तेही नाण्यावरचं, तितकंच अस्सल.

---

नोंदणी_खिडकी

चौथा प्रश्न राहिलाय. यात चुका सर्वांत जास्त होतात, म्हणून क्रमानं लिहितो.

जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, पण त्या वेळी नाव ठरलेलं नसलं तरी चालतं. नावाशिवाय नोंद होते. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ च्या कलम १४ खाली नाव नंतर घालता येतं: नोंदणीपासून १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क, त्यापुढे १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. त्यामुळे रुग्णालयात घाईघाईनं फॉर्मवर काहीतरी लिहून देऊ नका. लेखन पक्कं करा, मग द्या.

एकदा नाव चढलं की कलम १५ खाली दुरुस्ती होते ती चुकीच्या नोंदीची. आवड बदलली, दुसरं स्पेलिंग बरं वाटलं, यासाठी ते कलम नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी जन्मदाखला हाच जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा मुख्य पुरावा आहे. शाळा, पासपोर्ट, सगळीकडे याच दाखल्यावरचं नाव पुढे जातं.

आता या नावाचं खास. मराठीत आपण बोलताना मधल्या ग चा अ गिळतो, उच्चार 'नाग्‌निका' होतो. म्हणून इंग्रजी लिहिताना लोक मधला 'ए' टाकत नाहीत: एन-ए-जी-एन-आय-के-ए. पुढे कुठल्यातरी कार्यालयातलं सॉफ्टवेअर हे इंग्रजी नाव आपोआप देवनागरीत आणतं आणि 'नग्निका' करून ठेवतं. हे टाळायलाच हवं, कारण नग्निका हा गृह्यसूत्रांतला वेगळाच शब्द आहे, वयात न आलेल्या मुलीसाठीचा, आणि त्याचा मूळ अर्थ उघड आहे.

म्हणून इंग्रजीत मधला 'ए' हवाच: एन-ए-जी-ए-एन-आय-के-ए. यात उरतो तो फक्त पहिल्या आकाराचा प्रश्न. सॉफ्टवेअर 'नगनिका' करू शकतं. सुरुवातीला दोन 'ए' घातले तर तो धोका कमी होतो, पण मग आयुष्यभर प्रत्येक फॉर्मवर 'डबल ए' सांगावं लागतं आणि एका ठिकाणी राहिला की नावं जुळत नाहीत. माझा सल्ला एकच 'ए' ठेवून देवनागरी रकाना हातानं तपासण्याचा.

फॉर्म भरताना:

देवनागरी रकान्यात 'नागनिका' स्वतः लिहा, इंग्रजीवरून घेऊ देऊ नका. फॉर्मला मोठ्या अक्षरात टंकलेला नावाचा कागद जोडा, दोन्ही लिप्यांत. दाखल्याची छपाई होण्याआधी पडद्यावरची नोंद दाखवायला सांगा आणि अक्षर-अक्षर वाचा: ना ला काना, ग ला काहीही नाही, नि ला पहिली वेलांटी, का ला काना. महाराष्ट्रात दाखल्यावर मराठी आणि इंग्रजी दोन्ही छापलं जातं, तेव्हा दोन्ही रकाने तपासा. चूक दिसली तर लामिनेशन वगैरे करण्याआधी त्याच दिवशी परत द्या.

आधार काढताना प्रादेशिक भाषेतलं नाव बऱ्याचदा यंत्रच सुचवतं. तिथंही चालकाला थांबवून हातानं दुरुस्त करून घ्या.

---

वैजयंती

'नग्निका'चा इशारा फार मोलाचा दिलात. नावाच्या कुठल्याही यादीत तो सापडणार नाही.

---

ओंकार_म

याच लेखांतली अजून काही नावं मुलींसाठी घेता येतील का? आमच्याकडेही शोध चालू आहे.

---

घाटमाथा

येतील, पण प्रत्येकाचं तपासून घ्या.

बलश्री: नाशिकच्या लेणे क्र. ३ मधल्या लेखातली गौतमी बलश्री, गौतमीपुत्र सातकर्णीची आई. नातू पुळुमावीच्या राज्याच्या १९ व्या वर्षी तिनं लेणं दान केलं. लेखन सोपं, उच्चार स्पष्ट. या सगळ्यांत आज वापरायला सर्वांत सोयीचं.

दक्षमित्रा: लेखात 'दखमित्रा'. नहपानाची मुलगी, उषवदाताची पत्नी. क्षत्रप घराण्यातली, सातवाहन नव्हे. एवढं लक्षात ठेवा, कारण इंटरनेटवर तिला सर्रास सातवाहन राजकन्या केलंय.

विष्णुदत्ता: वर आलेली उपासिका. राजकुळातली नाही, स्वतःच्या दानानं लक्षात राहिलेली. नाव आजही जसंच्या तसं वापरता येतं.

भट्टपालिका आणि सामडिनिका ही नावं अभ्यासात ठेवावीत. पहिल्याला शाळेत 'नगरपालिका' ऐकावं लागेल आणि दुसऱ्याची फोडच लागत नाही.

---

केतकी_व

आमचं 'नागनिका' नक्की झालं. बारशाच्या पत्रिकेवर ब्राह्मीत नाव छापायचं आहे. अक्षरं कशी असतील? आणि मूळ ओळ प्रत्यक्ष बघायची असेल तर काय काळजी घ्यावी?

---

प्राकृतवाचक

ब्राह्मीत चार अक्षरं:

ना: न म्हणजे आडव्या पायावर मधोमध उभी रेघ, उलटा इंग्रजी टी. आकारासाठी उभ्या रेघेच्या डोक्याला उजवीकडे छोटी आडवी रेघ.
ग: उलटा इंग्रजी व्ही, टोक वर. दुसरी कुठलीही खूण नको.
नि: तोच न, आणि डोक्याला उजवीकडे जाऊन वर वळलेली रेघ. ही इकाराची खूण.
का: क म्हणजे अधिकचं चिन्ह. आकारासाठी डोक्याला उजवीकडे आडवी रेघ.

छापखान्यात हमखास होणाऱ्या चुका दोन. ब्राह्मीचा फॉन्ट नसला तर चौकोन छापले जातात. म्हणून नाव युनिकोड मजकूर म्हणून न पाठवता चित्र किंवा पीडीएफ करून पाठवा. दुसरी, 'ना' आणि 'नि' यांच्या डोक्यावरच्या खुणा लहान आकारात सारख्या दिसतात. आडवी कुठली आणि वर वळलेली कुठली हे मोठं करून तपासा, नाहीतर छापलं जाईल 'नागनाका'. शेवटी 'य' घालू नका. तो विभक्तीचा आहे, नावाचा नाही.

'नायनिका' कोरायचं असेल तर ग च्या जागी य: उभी रेघ आणि तळाशी दोन्ही बाजूंना वर वळलेले बाक.

---

घाटमाथा

प्रत्यक्ष बघण्याबद्दल. लेणं घाटाच्या माथ्याजवळ आहे. जुन्नरकडून घाटघरपर्यंत गाडीनं येऊन थोडं चालावं लागतं. कल्याण-मुरबाडकडून वैशाखऱ्याजवळून जुन्या वाटेनं चढून येता येतं, पण लहान बाळ बरोबर असेल तर जुन्नरची बाजू घ्या. पावसाळ्यात धुक्यानं आणि ओलीनं भिंत काळी पडते, अक्षरं दिसत नाहीत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरं.

अक्षरं उथळ आहेत. समोरून टॉर्च मारला तर सगळं सपाट दिसतं. टॉर्च भिंतीला जवळजवळ लागून, बाजूनं धरा म्हणजे खोलगट भागात सावली पडते आणि रेघा उठून दिसतात. एकानं उजेड धरावा, दुसऱ्यानं फोटो काढावा. फ्लॅश बंद. अक्षरांवर खडू, पाणी, पावडर काहीही लावायचं नाही, हातही फिरवायचा नाही. आधीच बरंच झिजलं आहे.

राणीची ओळ समोरच्या भिंतीवर, मूर्तींच्या पावलांच्या बरोबर वरच्या बाजूला आहे. लोक बाजूच्या भिंतींवरच्या मोठ्या लेखात नाव शोधत बसतात आणि न सापडताच परततात. सिमुकाच्या नावानंतरची ओळ पकडा. 'देवि'च्या पुढचं पहिलं अक्षर, उलट्या टी ला उजवीकडे रेघ, तो 'ना'. तिथून चार अक्षरं मोजा.